धरणावर उलटायला शिका, मगच समुद्रात गळ टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीवरून, गळाने मासे धरण्याचा छंद आता मराठवाड्यातही रुजला आहे. परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगरहून गाडीच्या टपावर कयाक बांधायची, रात्रभर प्रवास करून घाट उतरायचा आणि उजाडताच गुहागर नाहीतर तारकर्लीला पाण्यात शिरायचे, असे बेत ठरतात. छंद चांगलाच आहे. पण धरणावर वल्हे मारता आले की समुद्रावरही जमेल, हा समज जिवावर बेतू शकतो. म्हणून हे पत्र.

पहिला फरक वाऱ्याचा. धरणात वाऱ्याने ढकलत नेले तरी कुठल्या ना कुठल्या काठाला लागता येते. कोकणात पश्चिमेकडे काठच नाही. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेच्या भूगोलात पाठ केलेले असतात, इथे ते अंगावर येतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत लाट उठायला त्याला अंतरच मिळत नाही, त्यामुळे पाणी सपाट दिसते. कयाक भराभर पुढे जाते आणि नवख्याला वाटते, आपला हात बसला. परत फिरल्यावर तोच वारा तोंडावर येतो. त्यामुळे शंभरेक मीटर गेल्यावर एकदा वळून किनाऱ्याकडे वल्हवून बघावे. जड गेले तर त्या दिवशी मासेमारी नाही. वाऱ्याचा अंदाज १० नॉट्सच्या, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटरच्या वर असेल किंवा पाण्यावर जागोजागी फेसाचे पांढरे तुरे दिसत असतील, तर नवख्याने उतरूच नये. दिवस चढला की खारा वारा जोर धरतो आणि पाणी खवळते. साडेदहाच्या आत परत यायचे, आणि पहिल्या काही खेपांना किनाऱ्यापासून ५०० मीटरच्या आतच राहायचे.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या महिन्यात मित्राने सांगितलेली वेळ आज उपयोगाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान भरती असते. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत. खाडीच्या मुखाशी ओहोटीला थांबू नये. बाहेर पडणारे पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की लाटा उभ्या होऊन फुटतात, आणि प्रवाह कयाकला त्यांच्यातच ओढून नेतो.

कयाक वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप प्रकारचीच घ्यावी, लांबी १२ फुटांच्या आसपास. तिच्यावरचे पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जाते. आत बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते आणि पंपाशिवाय रिकामी होत नाही. कयाकवर लिहिलेल्या वजनक्षमतेच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा. क्षमता १५० किलो असेल तर माणूस, सामान, पाणी, बर्फ सगळे मिळून १०५ किलो. कयाकच्या पोकळ अंगात साचलेले पाणी काढण्यासाठी मागे भोक असते, त्याचे बूच लावायला विसरणे ही नेहमीची चूक. पाणी नकळत पोकळीत शिरते, कयाक कलली की ते सगळे एका बाजूला धावते आणि ती लाट नसतानाही उलटते. कयाक जड वाटू लागली, हलवल्यावर आतून डुचमळल्याचा आवाज आला, की तडक किनारा गाठावा.

लाईफ जॅकेट फोमचे आणि वल्हवणाऱ्यांसाठी बनवलेले हवे. काखेशी मोकळे असले म्हणजे ते गैरसोयीचे वाटून काढून ठेवले जात नाही. पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढावे. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते मोठे आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. ५० न्यूटनचे (हे तरंगवण्याच्या बळाचे माप) जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असते. ज्याला पोहता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. जॅकेटलाच शिट्टी आणि बोथट टोकाचा चाकू अडकवलेला असावा. कप्प्यात ठेवलेला चाकू दोरा पायात अडकल्यावर हाती लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, उलटल्यावर परत चढणे. हे समुद्रात शिकायचे नाही, घरच्या धरणावर शिकून जायचे. येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव असे जलाशय आपल्याकडे आहेत. पाटबंधारे विभागाची परवानगी घ्यावी आणि मच्छीमार सोसायटीची जाळी कुठे आहेत ते विचारून घ्यावे. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन विभागाचे नियम वेगळे. छातीभर पाणी, सोबत एक जण, अंगात जॅकेट. कयाक मुद्दाम उलटी करा. तिच्या पोटावरून हात टाकून पलीकडची कड धरा आणि मागे झुकत ती सुलटी करा. मग दोन्ही हात आडवे टाका, पाय पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वर आणून जोरात मारा आणि पोट कयाकवर चढवा. इथेच बहुतेक जण चुकतात. पाय खाली लोंबत ठेवून नुसत्या हातांच्या बळावर वर यायला बघतात आणि कयाक पुन्हा अंगावर ओढून घेतात. पोटावर आडवे पडल्यावर आधी कूस वळवून बूड सीटवर टेकवायचे, पाय शेवटी आत घ्यायचे. दोन्ही बाजूंनी, दमलेले असताना आणि पाय टेकणार नाहीत अशा पाण्यातही हे जमले पाहिजे.

लाटा फुटतात त्या पट्ट्यातून जाता-येता रॉड आडवे बांधून ठेवावेत. वल्ह्याला एरवी दोरी हवीच, ते वाहून गेले तर माणूस हतबल होतो. फुटत्या लाटांत मात्र ती सोडून ठेवावी, पायाला गुंडाळते. परतताना कयाक लाटेला आडवी झाली की उलटतेच. अशा वेळी कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहावे. किनारा आणि कयाक यांच्यामध्ये सापडलात तर पुढची लाट तीस-पस्तीस किलोचे ते धूड तुमच्या गुडघ्यांवर आणून आपटते.

नांगराची घाई नको. नांगर बाजूच्या कडीला बांधला तर प्रवाहात ती बाजू खाली ओढली जाते आणि कयाक क्षणात पालथी होते. नांगर पुढच्या किंवा मागच्या टोकालाच, आणि एका झटक्यात सुटेल असा बांधावा.

मासा लागला तरी दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून वाकू नये. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि पंखांचा काटा, पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो. चिमटा आणि पक्कड असल्याशिवाय त्यांना हात लावू नये. टोचलाच तर किनाऱ्यावर येऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, वेदना उतरतात, आणि मग डॉक्टर गाठावा.

मोबाइल जलरोधक पिशवीत, पण जॅकेटला बांधलेला हवा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि आपत्कालीन ११२ त्यात आधीच ठेवावेत. अंधुक उजेडात पांढरा दिवा हाताशी हवा, ट्रॉलरवाल्याला कयाक दिसत नाही. किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे कुठून निघालो, किती वाजता परतणार आणि कोणत्या वेळेनंतर मदत बोलवायची, हे कागदावर लिहून द्यावे. रात्रभर गाडी चालवलेल्याने त्या सकाळी पाण्यात उतरू नये. एक दिवस जादा धरूनच निघावे.

पावसाळ्यात तर नाहीच. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांना आहे, वल्ह्याच्या होडीला नाही, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो कायद्याच्या अंगाने खरा असला तरी समुद्र त्याने शांत होत नाही. कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, तेही उगाच नाही.

आपल्या दैनिकाच्या मराठवाडा आवृत्तीत कोकण सहलींचे लेख येतात. त्यांच्यासोबत शुक्रवारच्या अंकात शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा, हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा अंदाज एवढे चार ओळींत छापावे, ही विनंती. आणि कयाकचे छायाचित्र निवडताना जॅकेट घातलेल्या माणसाचेच निवडावे.

आपले नम्र,
गळाच्या मासेमारीचा छंद असलेले काही वाचक, परभणी