धूर दिसत नाही ना? मग पीयूसी पास!

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

जळगावात हवेची तक्रार म्हणजे धुळीची तक्रार. गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या की संध्याकाळी त्यांवरचा थर बोटाने दाखवता येतो. सरकारनेही धूळच धरली. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात जळगाव आहे, पण शहराचे प्रगतिपुस्तक भरते ते पीएम १०, म्हणजे बारीक धूलिकणांवर.

नायट्रोजन डायऑक्साइड बोटाला लागत नाही. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, त्यामुळे डिझेल कितीही चांगले असो, हा वायू तयार होतोच. त्याने श्वासनलिकेला सूज येते, दमेकऱ्याचा दमा उसळतो, लहान मुलांना छातीचे संसर्ग लवकर जडतात. शिवाय उन्हात त्यापासून ओझोन बनतो, तोही फुप्फुसांना घातकच. आणि खान्देशातले मे महिन्यातले ऊन काय सांगावे!

आता तपासणी बघा. डिझेल गाडीच्या पीयूसीत सायलेन्सरला नळी लावतात, अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडचा, ज्यात हा वायू मोडतो, रकानाच नाही. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या उत्सर्जनाचे बीएस-६ मानक आले आणि जड वाहनांची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आली. ती पाळायला ट्रकमध्ये डीईएफ, म्हणजे हे ऑक्साइड निष्प्रभ करणारे युरियाचे द्रावण, भरावे लागते. कुणी खर्च वाचवायला सेन्सरला चकवून ते बंद केले, तर धूर काही काळा होत नाही. पीयूसी पास!

म्हणून हाडाखेड आणि नवापूरच्या सीमेवरून येणाऱ्या ट्रकची डीईएफ यंत्रणा तपासा. हे परिवहन खात्याचे काम, असे उत्तर येईल. मंत्रिमंडळ तर एकच आहे ना?

दुसरे, आकाशवाणी चौकात आणि अजिंठा चौफुलीवर नायट्रोजन डायऑक्साइडचे तासातासाचे आकडे फलकावर लावा. आपली २००९ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे. त्या सरासरीत शाळा सुटतानाची कोंडी विरून जाते. वर्षाच्या सरासरीला आपण ४० चालवून घेतो, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १० वर आणली.

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांसाठी वेगळे पत्र लागेल. तूर्त जूनमध्ये शाळा उघडण्याआधी निदान एका चौकात फलक लावा.

आपला,
जळगावचा एक नागरिक