चित्रं द्यायला लोक तयार आहेत साहेब, आधी विश्वास बसू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
सप्रेम नमस्कार.

मॉडर्न आर्टचा कलेक्टर म्हटलं की गडगंज माणूसच डोळ्यासमोर येतो, पण न्यूयॉर्कचे हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल बघा ना, तो पोस्टात नोकरीला, ती लायब्ररीत, तिच्या पगारात घर चालायचं आणि त्याच्या पगारातून चित्रं घ्यायची, तीही परवडतील आणि एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावतील अशीच. करत करत 4000 च्या वर कलाकृती जमल्या, पलंगाखालीसुद्धा. विकल्या असत्या तर आयुष्यभराची ददात मिटली असती, पण नाही विकल्या. 1992 मध्ये त्यांनी आपला संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला द्यायचं ठरवलं, आणि तिथेच का तर तिथे तिकीट लागत नाही आणि ते लोक आपल्याकडची चित्रं विकत नाहीत. पुढे 2008 मध्ये अमेरिकेच्या 50 राज्यांत प्रत्येकी एका म्युझियमला 50 कलाकृती द्यायची योजना जाहीर झाली, म्हणजे छोट्या गावातल्या पोरांनाही ती बघता यावीत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता सांगा, उद्या असं कुणी आपल्या सरकारी म्युझियमच्या दारात आलं तर त्याला काय उत्तर देणार? सत्कार होईल, फोटो येतील, पण पुढे? कागदावरच्या ड्रॉइंगला 50 लक्सच्या वर उजेड चालत नाही, दमट हवेत बुरशी धरते, मागे साधा पुठ्ठा लावला तर त्यातल्या ॲसिडने कागद पिवळा पडून तुकडे पडायला लागतात. हे सगळं बघायला कॉन्झर्वेटर, म्हणजे कलाकृती जपणारा जाणकार, लागतो, कायमचा, पगारी. देणगी फुकट मिळते, सांभाळणं फुकट होत नाही, आणि बजेट नेमकं तिथेच कापलं जातं!

फ्रान्सने 1968 मध्येच कायदा केला की वारसाहक्काचा टॅक्स कलाकृती देऊनही भरता येईल. पिकासोच्या वारसांनी तसंच केलं आणि त्यातूनच 1985 ला पॅरिसमधलं पिकासो म्युझियम उघडलं. कुणी दान करायची वाट बघत बसायची गरजच नाही, सरकारने रस्ता करून द्यायचा.

म्हणून विनंती एवढीच, देणगीचा करार लेखी आणि सगळ्यांना वाचता येईल असा करा, चित्र विकणार नाही हे त्यात स्पष्ट लिहा, आणि नवीन गॅलरीची फीत कापायच्या आधी गोदामाला आणि कॉन्झर्वेटरला पैसे द्या.

आपला,
एक म्युझियमप्रेमी