कुंदे, ती नवीन शर्त इथेपण निघाली बघ

प्रिय कुंदे,

जयभीम आणि सलाम, दोन्ही घे.

तब्येतीचं आधी उरकते. शुगर बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, ह्यांचा गुडघा थंडीत कुरकुरतो. झालं. आता मूळ गोष्ट, जी व्हॉट्सअपवर तुकड्यातुकड्याने सांगून होणार नाही आणि घरात कुणाला सांगितली तर कळणार नाही, कारण तिच्यात तुझे आप्पा आहेत.

इथे इंग्लंडात आमच्या डायसिसची, म्हणजे बिशपच्या हद्दीतल्या चर्चांची, ती कमिटी तुला आठवत असेल, गुलामगिरीच्या पैशाची. अठराव्या शतकातला इथला एक मोठा दाता, त्याचे कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर उसाचे मळे, मळ्यात आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं, आणि त्या साखरेचा पैसा त्याने मरताना चर्चला दिला. त्या ट्रस्टच्या व्याजावर इतकी वर्षं इथली छपरं दुरुस्त झाली, पाद्र्यांचे पगार झाले. आता त्यातला वाटा ज्यांच्या अंगावरच्या घामाचा होता त्यांच्या नातवंडा-पतवंडांकडे परत जायचाय, आणि आधीचे अध्यक्ष रिटायर झाल्यापासून त्याची सगळी देखरेख माझ्याकडे आहे. मला बसवताना एकजण म्हणाला होता की तू गोरी नाहीस आणि कॅरिबियनपण नाहीस, म्हणजे तू निःपक्ष. मी काही बोलले नाही पण मनात म्हटलं, बाबा रे, नगरच्या मिशन कंपाउंडात जन्मलेलं माणूस ह्या विषयात निःपक्ष कसं असेल.

तर झालं असं की मागच्या मीटिंगला खजिनदारांनी पैसे वाटायच्या नियमांचा मसुदा आणला. माणूस अतिशय सज्जन आहे, हे आधी लिहिते, नाहीतर तू लगेच त्याच्या नावाने खडे फोडशील. पैसा हप्त्याहप्त्याने द्यायचा. दर सहा महिन्यांनी रिपोर्ट. गावाने सामाईक जमीन घेतली किंवा कुणाच्या घराखालची जागा त्याच्या नावावर करून दिली तर पुढची वीस वर्षं विकायची नाही, विकायचीच झाली तर आमच्या कमिटीची लेखी परवानगी. आणि शेवटी दात्याच्या नावाचा बोर्ड. तो वाचत होता आणि माझ्या डोळ्यासमोर सरळ तुमचा सातबारा आला गं. आप्पांनी तो लोखंडी पेटीतून काढून आपल्याला दाखवलेला, आपण दहावीत होतो, आणि इतर हक्कांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले होते, हे वाचा पोरींनो, नवीन शर्त.

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. तूच नंतर सांगितलंस, भांडता भांडता. की बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं तिथपासून ही लढाई, आणि वतन गेलं ते 1958 च्या कायद्याने. पिढ्यानपिढ्या मेलेली ढोरं ओढली, सांगावे पोचवले, पाटलाच्या दारात रात्री जागवल्या, त्याच्या बदल्यात मिळालेली ती जमीन. आणि वतन खालसा झाल्यावर तीच जमीन परत आपल्या नावावर करून घ्यायला आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, तिप्पट रक्कम सरकारात भरा. आत्याच्या पाटल्या मोडून आप्पांनी भरली. भरल्यावर काय मिळालं तर नवीन शर्तीची, वर्ग दोनची जमीन, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. शेजारच्या पाटलाला स्वतःच्या जमिनीसाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. मी मीटिंगमध्ये हे सगळं सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं, इंग्रजीत वतन समजावून सांगेपर्यंत चहाची वेळ झाली असती.

आता बार्बाडोसचं ऐक. कमिटीबरोबर मी जाऊन आले, फोटो तुला पाठवले होते, तू फक्त समुद्राच्या फोटोला बदाम टाकलास. मी पाठवलेलं खरं बघण्यासारखं होतं ते सेंट जॉन भागातलं, कॉड्रिंग्टन कॉलेजचं. दोन्ही बाजूंनी उंचच उंच पामची रांग, खाली तळं, पलीकडे अटलांटिक, इतकी देखणी जागा की पोटात कालवतं. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन नावाचा मळेवाला 1710 साली मेला आणि आपले मळे त्याने एका मिशनरी संस्थेला लिहून दिले. मृत्युपत्रात लिहिलं की तिथे कायम निदान 300 गुलाम ठेवावेत आणि त्यांच्या कष्टावर धर्मशिक्षणाची संस्था चालवावी. मिशनने ते मळे शंभराहून जास्त वर्षं चालवले. सुरुवातीच्या काळात माणसांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' असा डाग द्यायचे, म्हणजे पळाला तर कुणाचा माल आहे ते कळावं. माणसं इतकी मरत की सतत नवी विकत घ्यावी लागत. 1760 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने, थॉमस सेकर नाव त्याचं, पत्रात आश्चर्य व्यक्त केलंय की आपल्या मळ्यावरची माणसं कमी का होत जातात. आश्चर्य! कुंदे, मी ते वाचून खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

आणि ती संस्था कुठली माहितीये? एसपीजी, सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल. आपली एसपीजी. माझ्या आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जिचं नाव आहे ती. अमेरिकन मिशन नगरला 1831 पासून होतं, आपली एसपीजी आली 1870 च्या दशकात, मग दुष्काळ पडले, आणि महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून किती घरं तिकडे गेली ते तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, तू दर नाताळला माझ्या करंज्या खात खात ते ऐकवायचीस. ह्या सोसायटीची जुनी कागदपत्रं ऑक्सफर्डला बॉडलियन लायब्ररीत आहेत. मी गेले होते बार्बाडोसचे हिशोब बघायला आणि त्याच संग्रहाच्या यादीत मुंबई इलाख्याच्या मिशनऱ्यांचे रिपोर्ट निघाले. साखरेची पिंपं, मेलेली खेचरं, मेलेली माणसं, सगळं एका खर्चवहीत, आणि त्याच संस्थेच्या दुसऱ्या पेट्यांमध्ये नगरकडच्या बोर्डिंगात पोरांना किती ज्वारी लागली त्याची पत्रं.

मी हिशोब लावून पाहिला. गुलामगिरी कायद्याने गेली 1834 ला, मधली 'उमेदवारी', म्हणजे मालकाकडेच सक्तीने राबायची वर्षं, धरून माणसं खरी सुटली 1838 ला, आणि नगरचं मिशन त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी. कॉड्रिंग्टनच्या मळ्याचा पैसा आमच्या बोर्डिंगात आला असं कागद दाखवत नाही, नगरचा खर्च इथल्या चर्चमधल्या वर्गणीतून जायचा. पण संस्था तीच. जिने तिकडे माणसाच्या छातीवर नाव डागलं तिनेच इकडे माझ्या आजोबांच्या हातात पाटी दिली, आणि ती पाटी मिळाली म्हणून मी आज इथे खुर्चीवर आहे. ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी खरी धरायचीय. तू म्हणायचीस ना की मिशनने तुम्हाला भाकरी दिली आणि बाबासाहेबांनी आम्हाला मान दिला. मी तेव्हा तुझ्याशी दोन महिने अबोला धरला होता, नलूमावशीने मध्ये पडून मिटवलं. आजही मी ते वाक्य मान्य करत नाही हं, लिहून ठेव. आजोबांना मान मिळाला होता, त्यांनी तो मिशनकडून मागून घेतलेला नव्हता. पण तुझ्या त्या बोलण्यातलं एक मला इथे बसून पटलं, की देणारा जेव्हा देतो आणि वर परवानगीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो तेव्हा ते देणं पूर्ण होत नाही.

आणि सरकारचंही बघ. तुम्ही बौद्ध झालात, केंद्राने 1990 ला तरी तुम्हाला अनुसूचित जातीत धरलं. आम्ही ख्रिस्ती 1950 च्या आदेशापासून बाहेरच. चर्चमध्ये गेल्यावर गावाने आमची जात विसरली असती तर मी हे बोलले नसते. इथे त्या मीटिंगांमध्ये लोक 'ऐतिहासिक अन्याय' म्हणतात तेव्हा मला तालुक्याच्या त्या ऑफिसात दाखला हातात घेऊन उभे असलेले पप्पा दिसतात.

परत मुद्द्यावर येते. बार्बाडोसला 1838 नंतर माणसं सुटली पण जमीन मळेवाल्याचीच राहिली. मळ्याच्या कडेला घर बांधू द्यायचे, पण जागा त्यांची, आणि मळ्यावर कामाला गेलं नाही तर घर उचल. म्हणून तिथली जुनी घरं लाकडाची, दगडांवर नुसती ठेवलेली, खोलून बैलगाडीवर घालून न्यायला सोपी. आता टुरिस्ट त्यांचे रंगीत फोटो काढतात. त्या घरांखालची जागा राहणाऱ्याला विकत घेता यावी म्हणून तिथल्या सरकारने 1980 ला कायदा केला, मळ्याची जागा चौरस फुटाला 10 सेंटने. स्वस्त आहे, चांगला कायदा आहे, तरी विकतच. आकाराच्या तिप्पट आणि फुटाला 10 सेंट. मी तिथे उभी होते आणि मला वाटलं इथे कुंदा पाहिजे होती, हिला दुभाषा लागला नसता. आजूबाजूला ऊस, आपल्या प्रवरेकडे असतो तस्साच.

इंग्लंडच्या चर्चच्या सिनडने, म्हणजे त्यांच्या मोठ्या सभेने, 2006 ला माफी मागितली. नंतर 2023 ला मिशनने (आता नाव यूएसपीजी) तिथल्या कॉड्रिंग्टन ट्रस्टबरोबर 70 लाख पौंडांचं काम जाहीर केलं, दहा-पंधरा वर्षांत करायचं, त्यात लोकांच्या विकासाची कामं, इतिहासाचं संशोधन, गुलामांच्या दफनाच्या जागा आणि घराण्यांचा शोध. त्याच वर्षी जानेवारीत चर्च कमिशनर्सनी, म्हणजे चर्चची गुंतवणूक सांभाळणाऱ्यांनी, 10 कोटी पौंडांचा फंड काढला, आणि 2024 ला त्यांच्याच देखरेख समितीने सांगितलं की हे पुरणार नाही, 100 कोटींचं लक्ष्य ठेवा. त्या मानाने आमचं डायसिसचं काम फार लहान आहे. पण लहान असलं तरी शर्तीचा प्रश्न तोच.

मी खजिनदारांना काय सांगितलं ते सांगते, ते मात्र नीट सांगितलं. गुलामगिरी गेली तेव्हा सरकारने भरपाई दिली, 2 कोटी पौंड, आणि ती दिली मालकांना. राबलेल्यांना एक पेनी नाही. एसपीजीला कॉड्रिंग्टनचे 8,823 पौंड मिळाले. त्या पैशाचा सहा महिन्यांनी रिपोर्ट द्या असं त्यांना कुणी म्हटलं का? पैसा कुठे घालायचा ते विचारलं का? आणि त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने फेडून संपवलं 2015 ला. 2015, कुंदे. म्हणजे माझ्या पगारातून कापलेल्या टॅक्सातून. आमच्या कमिटीत एक बार्बाडोसच्या आजी आहेत, तरुणपणी नर्स म्हणून इथे आल्या, पहिल्या रविवारी चर्चच्या दारात त्यांना सांगितलं गेलं की पुढच्या वेळी दुसरीकडे जा, लोकांना बरं वाटत नाही. त्यांनी जन्मभर टॅक्स भरला तोही त्यातच गेला. हे मी बोलले तेव्हा त्या नुसत्या मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, मला तुमचा बोर्ड नको, मला हे बघायचंय की सही कोण करतं.

खजिनदार गप्प झाले, पण त्यांचं म्हणणं खोटं नाही. ऑडिट आहे, धर्मादायाचे कायदे आहेत, गावोगावचे चर्चवाले चिडलेत की आमचं छप्पर गळतं आणि पैसा समुद्रापार कसा. आणि जमिनीबद्दल ते म्हणाले ते तर मला झोपू देत नाही. शर्त काढली तर हॉटेलवाला येईल, परदेशातला पैसेवाला येईल, पाच वर्षांत समुद्राकाठची जागा गेली म्हणून समज. हेच तूपण म्हणाली होतीस की गं! रागाच्या भरात मी म्हटलं होतं नवीन शर्त म्हणजे अपमान, तर तू फाडकन म्हणालीस, अपमान तर आहेच पण ती नसती तर आमची जमीन सावकाराने केव्हाच गिळली असती, वाडीतल्या बाकीच्यांची बघ. तुझं ते बोलणं मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलंय आणि आता ते माझ्याच विरुद्ध उभं आहे.

मला असं वाटतं की शर्त असावी, पण परवानगी देणारे आम्ही नसावे. तिथल्या लोकांचा स्वतःचा ट्रस्ट असावा, विकायचं की नाही ते गावाने गावात बसून ठरवावं, चुकले तर त्यांचे ते चुकतील. आम्ही पैसा द्यावा, हिशोब एकदाच मागावा आणि बाजूला व्हावं. कमिटीतल्या निम्म्यांना हे घाईचं वाटतं. एकजण म्हणाला, आपण मग देखरेख कशाची करायची? मी म्हटलं, आपण वेळेवर देतो की नाही ह्याची. महिनाअखेरीला मतदान आहे, आणि माझं मत अध्यक्षाचं, बरोबरी झाली तर तेच मोजणार.

बरं तुझं. सुजाताचं जमलं ते ऐकून इतका आनंद झाला, मुलाकडचे बरे दिसतायत फोटोत, हळदीला मी नसले तरी लग्नाला नक्की. पेन्शनचं अडकलेलं सुटलं का? दादाची अँजिओ झाली असेल, कळव. तू एकटीने सगळं ओढतेस हे मला माहितीये, फोनवर सविस्तर बोलू.

आता काम सांगते, हे टाळू नकोस. आप्पांच्या जमिनीचा फेरफार आणि ती पैसे भरल्याची पावती, असेल तर, फोटो काढून पाठव. आणि मला लिहून दे, तुझ्या शब्दांत, की कलेक्टरकडे परवानगीला गेलात तेव्हा काय काय झालं, किती वर्षं गेली, कोण काय बोललं. नावं नको. मी ते इंग्रजीत करून कमिटीपुढे ठेवणार आहे, बार्बाडोसच्या आजींनी स्वतः मागितलंय. आणि शेवटी हेही लिही की शर्त कुणाच्या हातात असती तर आप्पांना चाललं असतं. माझ्याशी भांडायचं असेल तर त्यातच भांड, पण वीस तारखेच्या आत पाठव.

तुझी,
शालू