खिडकीपाशी ऐकलेल्या दोन शब्दांसाठी

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

डोळ्यांखाली भरलेले फिलर विरघळवण्यासाठीच्या, तुमच्याकडच्या दुसऱ्या बैठकीला आज तीन आठवडे पूर्ण झाले. निघताना मी तुम्हाला 'थँक्यू' म्हणाले होते, पण ते दार ओढून घेता घेता म्हटलेले होते. नीट म्हणायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहिते आहे, कारण माझ्यासारखाच चेहरा लपवत बसलेल्या आणखी काही जणी नक्कीच असतील.

डोळ्यांखालचे खळगे भरून घेण्याची हौस माझीच होती. तो दोष मी कुणावर ढकलत नाही. दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम एक मिलिलिटर हायल्युरोनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे त्वचेखाली सुईने भरायचे जेल, घातले गेले आणि ते आठ-दहा महिन्यांत आपोआप जिरून जाईल, असे मला सांगण्यात आले. अडीच वर्षे उलटली तरी ते जागचे हलले नव्हते. हा पदार्थ पाणी धरून ठेवतो, त्यामुळे रोज सकाळी डोळ्यांखाली दोन फुगीर पिशव्या घेऊन मी उठत असे, आणि तिथल्या पातळ त्वचेतून एक निळसर झाक डोकावत असे, जी कितीही कन्सीलर थापला तरी झाकली जात नसे.

जिथे हे करून घेतले होते तिथे मी तीनदा गेले. पहिल्यांदा 'सूज आहे, उतरेल' हे ऐकून परतले. दुसऱ्यांदा 'गालांतही थोडे भरू, म्हणजे सारखे दिसेल' असा सल्ला मिळाला. एका भिंतीला ओल आली म्हणून शेजारचीही भिजवून टाकावी, तशातला हा प्रकार. तिसऱ्यांदा मला गोल दिव्यासमोर बसवून फोटो काढण्यात आला आणि तो माझ्यासमोर धरून, 'बघा, काहीही नाही, तुम्ही आरशात फार पाहता,' असे हसत सुनावण्यात आले. फोटोत खरोखरच काही दिसत नव्हते. त्या रात्री पहिल्यांदाच मला वाटले की बिघाड चेहऱ्यात नसून माझ्या डोक्यात असावा. कोणते फिलर वापरले होते, एवढे तरी सांगा म्हटले, तर त्याची नोंदच सापडेना.

तुमच्याकडे आले ती हे सगळे पुन्हा पटवून देण्याच्या तयारीने. कोणत्या क्रमाने बोलायचे तेसुद्धा मी कागदावर उतरवून आणले होते. तुम्ही माझे पहिले वाक्य ऐकलेत, उठून डोक्यावरचा पांढरा दिवा बंद केलात, खिडकीचा पडदा सरकवलात आणि मला तिथे आडव्या उजेडात उभे केलेत. माझी हनुवटी दोन बोटांनी किंचित वळवून तुम्ही म्हणालात, "हो, मला दिसतंय." मग समजावलेत की समोरून सगळीकडून सारखा प्रकाश पडला की सावली पडत नाही आणि सावली नसली की उंचवटाही दिसत नाही. म्हणजे त्या फोटोत काही नव्हते ते का, हे मला अडीच वर्षांनी कळले. हातातला कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला आणि तुमच्यासमोर रडले, त्याबद्दल मात्र क्षमस्व.

पुढचे सगळे तुमच्या रोजच्या कामातले असेल, म्हणून ते उगाळत नाही. पण आत काय भरले आहे याची सोनोग्राफीने खात्री करून घेतल्याशिवाय तुम्ही सुई हातात घेतली नाहीत, कारण विरघळवणारे इंजेक्शन फक्त हायल्युरोनिक ॲसिडवरच चालते, कॅल्शियमच्या फिलरवर त्याचा उपयोग होत नाही. मधमाशी चावून कधी अंगावर गाठी उठल्या होत्या का, हा तुमचा प्रश्न मला चमत्कारिक वाटला होता. त्या इंजेक्शनातले विरघळवणारे द्रव्य, हायल्युरोनिडेज, तिच्या विषातही असते, हे तुम्ही सांगितल्यावर तो उलगडला. हातावर चाचणीचा थेंब टोचून वाट पाहायची होती, तेव्हाही तुम्ही स्टूल ओढून शेजारीच बसून राहिलात. एकाच बैठकीत सगळे जाईल असे तुम्ही म्हणाला नाहीत, आणि ते गेलेही नाही. खळगे पुन्हा दिसू लागतील, कदाचित आधीपेक्षा खोल वाटतील, हेही तुम्ही आधीच बजावले होतेत, त्यामुळे ते दिसले तेव्हा मी दचकले नाही.

हातात कौशल्य असलेली माणसे पुष्कळ भेटतात, पण समोरचा काय सांगतो आहे ते आधी खरे धरून चालणारी फार थोडी. त्याला ना यंत्र लागते ना वेगळे शिक्षण. आणि तरीही जिथे हसतमुख स्वागत, मऊ खुर्च्या आणि मंद संगीत होते, तिथे नेमकी एवढीच गोष्ट मला मिळाली नव्हती. दुसऱ्याच कुणाचा बिघाड निस्तरताना तुम्ही त्यांच्याविषयी एक वावगा शब्द काढला नाहीत, हेही माझ्या लक्षात राहिले आहे. तो संयम मला या पत्रात साधलेला नाही, हे मला दिसते आहे.

उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी अजून किंचित फुगीर वाटते. ते उरलेले फिलर आहे की माझी सवय, हे मला ठरवता येत नाही. पुढच्या तपासणीला मी चेहऱ्याला काहीही न लावता येईन; पडदा तेवढा सरकवून ठेवा.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण