टक्का वाढला, पण बाईच्या हातात रोज कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बायांचा कामातला सहभाग वाढला म्हणून सध्या सगळीकडे छापून येतंय. सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरच्या बायांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचा टक्का २०१७-१८ ला २३.३ होता तो २०२३-२४ ला ४१.७ झाला, चांगलंच आहे, पण सरकारच्याच आधीच्या पाहणीत २००४-०५ ला तो ४२.७ होता हे कुणी सांगत नाही. म्हणजे मधे जे घसरलं तेच वीस वर्षांनी अजून पुरतं भरून निघालेलं नाही, आणि जे भरलं ते कशानं भरलं ते तर बघाच.

आमचा भाग लातूरकडचा, सोयाबीनचा. खुरपणी म्हणजे बायांचा सीझन असायचा. पावसानं उघडीप दिली की भाकरी बांधून आठ-दहा जणी एका शेतात, त्यातलीच एखादी जाणती बाई मालकाशी रोजाचं बोलायची, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या हातात पडायचे. आता तणनाशक आलं, एक गडी पाठीवर पंप अडकवतो आणि दुपारच्या आत एक-दोन एकर मारून मोकळा होतो. शेतकऱ्याला दोष देत नाही मी, आमचीपण शेती आहे, मजुरी परवडत नाही आणि ऐन वेळेला बाया मिळत नाहीत हे खरंच आहे. पण पंप, ट्रॅक्टर, हार्वेस्टर जे काय आलं ते सगळं गड्यांच्या हातात गेलं आणि बायांचं जे काम गेलं त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही.

मग आकडा कसा वाढला? आमच्या शेजारच्या काकू आता खुरपायला जात नाहीत, घरच्या दोन म्हशी बघतात. शेण, वैरण, दोन टाइम धारा सगळं त्याच करतात, पण डेअरीचं खातं काकांच्या नावावर, बिल तिकडंच जमा होतं. पाहणीत मात्र काकू कामकरी बाई! गावाकडच्या कामकरी बायांमधे स्वयंरोजगारवाल्या याच काळात ५७.७ टक्क्यांवरून ७३.५ वर गेल्यात आणि त्यात घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्या खूप आहेत. काकूंचं काम कामात धरलं हे बरोबरच आहे, ते धरलंच पाहिजे, पण रोजगार वाढला असं त्याला कसं म्हणायचं?

शिकलेल्या पोरींचं तर अजून वेगळंच, शहरातला आकडा २०२३-२४ ला २८ टक्केच होता. आमच्याकडच्या ग्रॅज्युएट झालेल्या मुली लग्न होईपर्यंत दुकानात नाहीतर झेरॉक्स सेंटरला काम करतात, मूल झालं की घरी, कारण सांभाळणार कोण. २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे लोकांचा वेळ कशात जातो त्याच्या सरकारी पाहणीत, घरकाम करणारी बाई त्याला दिवसाला २८९ मिनिटं देते आणि घरकाम करणारा पुरुष ८८, आता यातून तिनं नोकरीला वेळ कुठून काढायचा. २०१७ च्या कायद्यानं पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, पण तालुक्याच्या गावात पन्नास माणसं कामाला असलेली दुकानं, ऑफिसं आहेत तरी किती?

माझी विनंती एवढीच की यापुढे हा आकडा छापाल तेव्हा त्यातल्या किती जणींना स्वतःच्या हातात पैसे मिळतात तेपण शेजारी छापा. आणि अंगणवाडी दुपारी बंद न होता संध्याकाळी पाचपर्यंत चालू राहावी, आणि त्या जादा तासांचे पैसे सेविका-मदतनिसांना मिळावेत, याच्यासाठी तुमच्या पेपरनं पाठपुरावा करावा.

आपली,
एक वाचक, जि. लातूर