मापाच्या वहीतली पानं

अंबाजोगाई

चि. बाई,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की फोनवर तुझ्याशी हे बोलणं मला जमलं नाही, आणि आता कळतंय की तुलाही जमत नव्हतं. तू पाठवलेला तुझ्या ऑटिझमच्या निदानाचा अकरा पानांचा रिपोर्ट आणि त्याच्यासोबतची तुझी चिठ्ठी मी तीन रात्री दुकान वाढवल्यावर वाचली. इंग्रजी अडेल तिथं तू पेन्सिलीनं मराठी लिहून ठेवलं होतंस, त्यामुळं निभलं. हे पत्र मापाच्या वहीत लिहायलोय. पानं अरुंद आहेत, ओळ लवकर संपते. मला लिहायची सवय नाही, तेव्हा बरंच आहे.

शेवटी तू विचारलंस, "अण्णा, वाईट वाटलं का?" वाटलं. लेकीला चौतिसाव्या वर्षी पुण्यात पैसे भरून एका अनोळखी बाईकडून कळावं की आपल्याला काय टोचतं, आणि बाप चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेला, ह्याचं वाटलं. कारण टोचतं हे मला ठाऊक होतं.

तू चारेक वर्षांची असशील. दिवाळीला तुला गुलाबी फ्रॉक शिवला. गळ्याला नायलॉनची लेस, आत फुगायला कडक जाळी. तू अंगात घातलास आणि अशी किंचाळलीस की शेजारचे पाण्याची बादली घेऊन धावत आले, फटाक्यानं पोरगी भाजली समजून. आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी एक चापट मारली. ती इथं लिहून ठेवतो, कारण तुझ्या चिठ्ठीत ती आहे. रात्री तू झोपल्यावर मी तो फ्रॉक उलटा करून स्वतःच्या गालावरून फिरवला. इंटरलॉकचे दोरे, लेसची कापलेली टोकं. गाल लाल झाला. सकाळी तोच फ्रॉक तुला उलटा घातला, शिवणी बाहेर, आणि तू दिवसभर अंगणात उड्या मारल्यास. लोक हसले. तो फोटो अजून आहे.

तेव्हापासून तुझं कापड आधी दोनदा धुवून खळ काढायची, शिवण आत गुंडाळून दोनदा मारायची, कॉलरला बकरम घालायचं नाही. शाळेतून चिठ्ठी आली होती की मुलीची कॉलर पडलेली असते, गणवेश नीट शिवून द्यावा. टेलरच्या पोरीला! मी ती चिठ्ठी गिळली. पण टोचतं ते कामून, एवढं मात्र मी कुणाला विचारलं नाही. कापड बदललं आणि गप्प बसलो.

रिपोर्टात लिहिलंय की हे तुझ्यात जन्मापासून आहे. ते वाक्य आईला चार वेळा वाचून दाखवलं. तुला माहीत नसेल, आपल्या घरात तुझं निदान फार आधी होऊन बसलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले. किल्लारी इथून लांब, तरी आपली मांडणीवरची भांडी खाली आली. तू अडीच वर्षांची. त्यानंतर कितीतरी वर्षं एकच पालुपद, पोरीनं भूकंपाचा धसका घेतला. बोलत नाही? भूकंप. कुकरच्या शिट्टीला कानावर हात ठेवते? भूकंप. खरं म्हणजे तू भूकंपाच्या आधीही बोलत नव्हतीस. पण तिकडं हजारो माणसं गाडली गेली होती, त्या मोठ्या दुःखाच्या खुंटीला आम्हीही आमचं गाठोडं अडकवलं. लातूरला एका डॉक्टरांना दाखवलं तर ते तुझ्यासमोरच म्हणाले, मंद आहे, दुसरं लेकरू होऊ द्या. त्यांच्या पाटीवरची अक्षरं तू उलटीकडून जुळवून वाचायलीस, ते त्यांना दिसलं नाही.

बायकांमधलं निदान वेगळं. पोटुशी असताना आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणे. तीस वर्षं ती हे पदराला बांधून होती, मलासुद्धा परवा कळलं. तू लिहिलंस की अमेरिकेत लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ११ मुलांवर लेख लिहिला, तिथून ऑटिझम ह्या नावाची ओळख सुरू झाली, आणि पुढं काही दशकं आईच्या थंडपणानं मूल असं होतं असं मोठमोठे शिकलेले लोक मानत होते. हे ऐकून आई म्हणाली, "म्हंजे तिकडंबी ग्रहण लागतच होतं की." मग बराच वेळ भाकरी थापत राहिली, लागत होत्या त्याच्यापेक्षा जास्त.

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्न' म्हणतात, त्या शब्दावर तू चिडलीस, त्याबद्दल थोडं. मी वाचनालयात जाऊन बघितलं. मूळ ग्रीक शब्दाचाच अर्थ 'स्वतः', आणि स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर ह्या डॉक्टरांनी तो १९११ च्या सुमारास दुसऱ्याच आजाराच्या लक्षणासाठी वापरला होता. तेव्हा मराठी करणाऱ्यानं चूक केली नाही, त्यानं मूळ मापच उतरवून घेतलं. माप मात्र चुकीचंच. तू स्वतःत कुठं मग्न असतेस? तुला भूक लागलेली कळत नाही, ताप चढलेला कळत नाही. तू मोडी लिपीत मग्न असतेस. आजोबांचं खरेदीखत सापडलं तेव्हा तू सातवीत होतीस, आणि दिवाळीच्या सुटीत एकटीनं ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढलंस. मोडीत हात न उचलता ओळ ओढत न्यायची असते. तुझं लक्षही तसंच चालतं. मध्येच कुणी "जेवायला चल" म्हणालं की शाई सांडते, आणि आम्ही म्हणायचो पोरगी उद्धट आहे.

त्याच वर्षी आपण आपल्या गावच्या संतकवी दासोपंतांची पासोडी बघायला गेलो होतो. ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, आणि त्याच्यावर माणसानं सगळा ग्रंथ लिहिलेला. मी कापड बघत होतो, साडेतीनशे-चारशे वर्षं हे विरलं कसं नाही म्हणून. तू अक्षरं बघत होतीस. दोघंही एक शब्द बोललो नाही, आणि परत येताना तू माझं बोट धरलंस. एरवी तू कुणाचं बोट धरायची नाहीस. (कथा अशी आहे की दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची. आजकाल मेलेल्या माणसांना निदानं चिकटवायची हौस आलीय, ती मला पटत नाही, म्हणून पुढं काही लिहीत नाही. पण मनात आलं.)

आता २०१७ चं ते स्थळ.

मुलगा बँकेत, घर चांगलं. आदल्या दिवशी मीच तुला शिकवलं, "डोळ्यात बघवत नसेल तर कपाळाकडं बघ, समोरच्याला कळत नाही." हसायचं कधी, मान हलवायची किती, हात मांडीवर कसे ठेवायचे, सगळं. गिऱ्हाइकाला ट्रायल देतात तशी तीनदा ट्रायल घेतली. नवी साडी, खळीसकट, धुवायला वेळ नव्हता. आणि तू सगळं बिनचूक केलंस. पोह्यांच्या बशा उचलायच्या आत पसंती आली. मी पेढे आणायला गेलो. परत आलो तर तू न्हाणीत ओकत होतीस. पुढं आठ दिवस तू बोलली नाहीस, नवव्या दिवशी कागदावर 'नको' लिहिलंस. मी महिनाभर घरात तोंड फुगवून राहिलो. लोकांना काय सांगू, हाती आलेलं स्थळ, वगैरे.

त्यांनी जी मुलगी पसंत केली ती आपल्या घरात राहतच नव्हती, हे मला समजायला तुझी चिठ्ठी यावी लागली. ती मुलगी मी एका संध्याकाळीपुरती शिवली होती. बाई, माझं चुकलं. हे फोनवर मला म्हणता आलं नसतं.

तू ह्याला मास्किंग म्हणतेस. सोंग म्हण ना सरळ. आपल्यात म्हणतात सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तुझ्या चिठ्ठीवरून वाटतं, सोंग ज्याला रोज काढावं लागतं त्याच्याकडं घरी आल्यावर जेवायलाही जीव उरत नाही. पुण्यात तर तुला दोन सोंगं. होस्टेलच्या पोरी तुझ्या 'करायलो-जायलो'ला, 'कामून'ला हसल्या, म्हणून तू वर्षभरात तिकडची भाषा घोटलीस, आणि त्याच्याखाली दुसरं सोंग होतंच. डेमियन मिल्टन ह्या इंग्लंडमधल्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाचं २०१२ चं म्हणणं तू लिहिलंस, की न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं, दोष एकाच बाजूच्या माथी मारला जातो. हे मला लगेच पटलं. पुणेकराला आपलं कळत नाही तेव्हा तो कधी म्हणतो का, की माझं समजून घेणं कमी पडतं?

मागच्या उन्हाळ्यात तू दोन महिने माडीवर होतीस, पडदे लावून. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तेवढंच. मी रोज दारावर थाप मारून म्हणायचो, बाहेर पड, चार लोकांत मिसळ, बरं वाटेल. आता वाचतोय की ते उदासीच्या आजारासारखं दिसलं तरी थकवा वेगळा होता, आणि माणसांत ढकलण्यानं तो वाढतो. आवाज, उजेड, माणसं कमी करून, आवडीचं काम हातात देऊन तो हळूहळू उतरतो. म्हणजे तुझा उपाय तूच करत होतीस आणि मी दार वाजवत होतो. माडीच्या खिडकीला जाड कापडाचा पडदा शिवून लावलाय, आतून काळं अस्तर. दारावर एक कागद टांगलाय, त्याच्यावर लिहायचं काय हवं ते. आई रोज दुपारी एकला 'जेवलीस का' असा मेसेज टाकेल. उत्तर नको, ताट घ्यायचं.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं एका कार्यालयात विचारून आलो. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे, हे मी कागदावर लिहूनच नेलं होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, हे लहान लेकरांना असतं. मोठेपणी जातं." मी म्हणालो, लहान लेकरं मोठी होऊन जातात कुठं? त्यानं जेवणाची सुटी झाली असं सांगितलं. तपासणीचं माप म्हणजे ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही. पहिलाच प्रश्न डोळ्याला डोळा देण्याचा. तो तर मी तुला पाठ करून दिलाय. दोन स्वेटरांवरून छातीचं माप घेतल्यासारखं होणार. तरी काढायचं असेल तर मी सोबत येतो, लहानपणच्या सगळ्या गोष्टी मीच सांगीन, चापटीसकट. नसेल काढायचं तर राहू दे. कागद तुझा.

आता ज्याच्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास आणि मी वीस वेळा वाचल्या. तुझ्यासोबत दप्तरखान्यात काम करणारा तो मित्र. एकाच घरात राहायचं, खोल्या वेगळ्या, बोलायचं नसेल त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फळीवर खडूनं लिहायचं. लग्न बहुतेक नाही. "चालेल का?"

चालेल असं एकदम लिहवत नाही, खोटं कशाला बोलू. माझं गाव अंबाजोगाई आहे, दुकान मंडी बाजारात आहे, आणि गिऱ्हाईक माप देता देता विचारतं. तुझ्या मामाला काय सांगायचं हे मला अजून सुचलेलं नाही. पण तू लिहिलंस की त्याच्यासमोर तुला कपाळाकडं बघावं लागत नाही. हे वाचलं आणि कात्री खाली ठेवली. ४१ वर्षांच्या संसारात मी तुझ्या आईच्या डोळ्यात किती वेळा नीट बघितलं असेल, तेही आठवायला लागलो. फार नाही. आमचं चाललं.

त्याला घेऊन ये. मार्गशीर्षात देवीची यात्रा असते, लाउडस्पीकर, गर्दी, तेव्हा नको. यात्रा उरकली की गाव शांत असतं. कुणाला बोलावणार नाही, पोहे नाहीत, साडी नाही. आई भात पातेल्यात करीन म्हणाली, कुकर लावणार नाही. माडीवर तो, तू मधल्या खोलीत, मी दुकानात. जेवताना कुणी बोललं नाही तरी चालेल. मुकुंदराजाच्या समाधीकडं पहाटे जाऊ, तिथं दरीत वारा सोडला तर आवाज नसतो.

आणि त्याची मापं पाठव. छाती, खांदा, बाही, गळा, उंची. टेप नसेल तर त्याचा अंगाला नीट बसणारा एखादा जुना सदरा कुरिअरनं पाठव, मी त्यावरून घेतो. कापड मलमल बघून ठेवलंय, पांढरं, दोनदा धुवून झालंय. माया जरा जास्तच सोडणार आहे, पुढं अंगानं भरला तर उसवून मोठा करता येईल. फक्त एवढं विचारून कळव, कॉलरचं बकरम त्यालाही टोचतं का.

तुझे,
अण्णा