लाळेच्या टेस्टवर भागेल का, विचारलंस ना

सुन्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा समोर पेशंट बसले होते, नीट बोलताच आलं नाही, म्हणून आता निवांत लिहितोय. तू विचारलंस की दादाची बायोप्सी टाळून नुसत्या लाळेच्या टेस्टवर काम भागेल का. नाही भागणार रे. त्याच्या गालाच्या आतला तो पांढरा चट्टा पुसून जात नाही, बोटाला खरखरीत लागतो, आणि मावा कायम त्याच बाजूला धरायची सवय, त्यामुळे तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघायलाच हवा. सुईची भीती वाटते म्हणतोय ना, त्याला सांग जागा बधिर करूनच काढतात.

पण लाळेवरून तोंडाचा कॅन्सर ओळखता येतो हे तू जे वाचलंस ते खोटं नाहीये बरं का. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ बनते आपल्या तोंडात, त्यातलं 99 टक्के पाणी, पण उरलेल्यात प्रोटीनची नुसती गर्दी असते. 2008 साली अमेरिकेतल्या तीन ग्रुपनी मिळून लाळग्रंथींतून थेट गोळा केलेल्या लाळेची यादी केली तर 1166 प्रोटीन निघाली. भाकरी चावत राहिलं की गोड लागते ते ज्याच्यामुळे ते अमायलेज त्यातलंच, मग अँटीबॉडी, आणि थोडीफार रक्तातून झिरपून आलेली. एचआयव्हीच्या अँटीबॉडी हिरडीवरून फिरवलेल्या पट्टीवर 20 मिनिटांत दिसतात, त्या किटला अमेरिकेत 2012 मध्ये घरी वापरायची परवानगीसुद्धा मिळाली. आणि तोंडातल्या गाठीतून जे सुटतं ते तर सरळ लाळेतच उतरतं, रक्तात जाईपर्यंत फार पातळ होतं, म्हणून आपल्याकडच्या या तंबाखू-गुटख्याच्या कॅन्सरसाठी लाळ मला इतकी महत्त्वाची वाटते.

मग घोडं अडलंय कुठं? 2008 मध्येच लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी पाच प्रोटीन एकत्र धरून तोंडाचा कॅन्सर ओळखून दाखवला, 100 पेशंटपैकी 90 पकडता येतील आणि 100 निरोगी लोकांपैकी 17 जणांवर उगाच शंका येईल असा तो हिशोब होता. ऐकायला झकास वाटतं, पण समज आपल्या तालुक्यात शिबिर घेतलं, 1000 माणसं आली आणि त्यात खरोखर 5 जणांना कॅन्सर आहे, तर ते चार-पाच सापडतील पण त्यांच्याबरोबर दीडशेच्या वर धडधाकट माणसं घाबरून घरी जातील, त्यांच्या बायकापोरांची झोप उडेल ती वेगळीच. त्यात कॅन्सरसाठी मोजतात ती इंटरल्युकिन-8 सारखी काही प्रोटीन नुसत्या हिरड्या सुजल्या तरी वाढतात, आणि तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्या धड कुठं असतात सांग.

सॅम्पल घेणं म्हणजे पण नुसतं थुंक म्हटलं आणि झालं असं नाही. तासभर आधी खाणं-पिणं बंद, तंबाखू तर नाहीच, चूळ भरायची, मग मान खाली घालून बसायचं आणि तोंडात जमेल ती लाळ हळूहळू ट्यूबमध्ये सोडायची, खाकरायचं नाही. ट्यूब बर्फात, कारण लाळेतच प्रोटीन तोडणारी एन्झाइम असतात, बाहेर राहिलं की मोजायचं तेच तुटून जातं. मिसरीवाल्या आजी आल्या की लाळ काळपट येते, ती सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवली की खाली गाळ बसतो आणि वरचं पाणी तेवढं उणे 80 अंशांना ठेवायचं. ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, गुटख्यानं आतून दोरखंडासारखं आवळून गेलंय, विशी-पंचविशीची पोरं रे, त्यांच्याकडून सॅम्पल घेताना जीव तुटतो माझा, आणि गुटख्यावर आपल्याकडे 2012 पासून बंदी आहे!

मला विचारशील तर लाळेचा खरा उपयोग एकाच माणसावर लक्ष ठेवायला होईल. माणसामाणसात प्रोटीनचं प्रमाण इतकं वेगळं असतं की तुझी लाळ माझ्या लाळेशी ताडून हाती फारसं काही लागत नाही, पण दादाची आजची लाळ त्याच्याच सहा महिन्यांनंतरच्या लाळेशी ताडली, तीही सकाळच्या त्याच वेळेला घेतलेली, तर आकडा चढतोय का उतरतोय याला अर्थ येतो. चट्ट्याची दर वेळी बायोप्सी कोण करून घेणार, ऑपरेशन झालेल्या माणसाला दर महिन्याला सुई कोण टोचणार, तिथं हे फार कामाचं आहे. अजून ते दवाखान्यात रोजच्या वापरात आलेलं नाही, आम्ही त्याच्याच मागे आहोत.

तर असं कर, दादाला पुढच्या आठवड्यात सकाळी लवकर घेऊन ये, माव्याची पुडी घरीच ठेवायला लाव. आधी बायोप्सी करू, आणि तो तयार असेल तर लाळेचं सॅम्पलही घेऊन ठेवतो, पुढं ताडायला होईल. जुने रिपोर्ट असतील तेवढे सगळे आण. आणि काकू अजून मिसरी लावतात ना? त्यांनाही गाडीत घाल, त्यांचं तोंड पण एकदा बॅटरी मारून बघतो.

तुझाच,
विन्या